काळी चारच्या जरा खाली

माझ्या लेकीनं लिहिलेल्या गाण्याचं इंटरनेटवर एक पान आहे. गाण्याचं पान म्हणजे शब्द असतील, असं मला वाटलं होतं. तसलं काही नाही. तिथे नुसते आकडे. लय मिनिटाला शहाण्णव ठोके. पट्टी जी शार्प, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी चार. मग ऊर्जा इतके टक्के, नाचण्याजोगेपणा इतके टक्के, आनंदीपणा छत्तीस टक्के. आनंद कोणी मोजला आणि कशानं मोजला, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही. सत्तर टक्के वजा करताना त्या शहाण्यानं कोणाला विचारलं होतं का, असं मी आमच्या ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "चौसष्ट गं." हिशेबात मी पहिल्यापासून अशीच आहे.

त्या पानावरची पट्टी चुकलेली आहे. गाणं काळी चारमध्ये नाही. हे जगात आम्हा घरच्या तिघांना आणि लेकीच्या दोन मित्रांनाच ठाऊक आहे, आणि ते का, हे सांगायचं तर मला माझीच चूक सांगावी लागेल. सांगते. वय झालं की लाज जरा सैल होते.

मी महाडजवळच्या नाते गावच्या शाळेत शिक्षिका होते, आणि महाडला घरी संध्याकाळी गाण्याचा क्लास घ्यायचे, अजूनही घेते. माझा राग नाकावर असतो असं लोक म्हणतात. खोटं आहे ते. राग जिभेवर असतो, नाकापर्यंत जायला त्याला वेळच मिळत नाही. आमचे हे एसटीत कंट्रोलर होते. आयुष्यभर प्रवाशांच्या शिव्या खाऊन शांत झालेला माणूस. आमची जोडी देवानं विचार करून लावली असणार, कारण दोघंही माझ्यासारखे असतो तर घरात भांडी टिकली नसती.

लेक लहान असताना माझ्याबरोबर नात्याच्याच शाळेत यायची. संध्याकाळी शाळा सुटली की आम्ही दोघी फाट्यावर गाडीची वाट बघत बसायचो. गाडी कधी वेळेवर, कधी नाही. तेव्हा मी तिच्यासाठी एक खेळ काढला होता. कुठलाही आवाज आला की पट्टी ओळखायची. ट्रकचा हॉर्न वाजला की मी विचारायचे, "सांग, कुठली?" ती डोळे मिटून म्हणायची, "पांढरी तीन!" घरी आल्यावर पेटीवर तपासायचं. कुकरची शिट्टी, पिठाच्या गिरणीचा पट्टा, शेजारच्यांच्या दाराची घंटा, काही म्हणून सोडलं नाही. सात वर्षांची असताना ती माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखायला लागली. मी तिला ते कधी सांगितलं नाही. पोरं चढून बसतात, असं आमच्या वेळी समजायचे. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

ती मोठी झाली, शिकली, मुंबईला नोकरीला लागली. त्यानंतर आमच्याकडे पूर आला. सावित्रीचं पाणी घरात माझ्या गळ्याएवढं चढलं होतं. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे दोन दिवस, आणि खाली कपाटं, गाद्या, धान्य, सगळं चिखलात. पेटीही. पाणी ओसरल्यावर मी पहिल्यांदा तीच उचलली. भाता लगदा झालेला. पट्ट्या फुगलेल्या. दुरुस्तीवाल्यानं खोलली तर आतले पितळी सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पात्या, बहुतेक गेलेले. एकच तेवढा नीट वाजला, तो काळी चारचा.

काळी चार म्हणजे माझ्या लेकीचा षड्ज. तिच्या गळ्याचा सा. सगळं घर वाहून गेलं आणि नेमका तिचा सूर शिल्लक राहिला, म्हणून मी त्या चिखलात उभी राहून रडले. दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, सगळे सूर नवे टाकतो, आणि हाही घासून साफ करतो. याच्यावर हिरवा थर आहे." मी त्याच्यावर खेकसले, "त्याला हात लावायचा नाही! हाच प्रमाण धरा आणि बाकीची पेटी याच्याशी जुळवा." तो म्हणाला, "एकदा सूर मोजायच्या मशीनवर लावून बघितली तर?" मी म्हटलं, "मशीन माझ्या कानात आहे." बिचाऱ्यानं मान डोलावली आणि मी सांगितलं तसं केलं.

पितळी सुरावर थर बसला की तो जड होतो आणि जरा खाली उतरतो. हे मला माहीत होतं. मी मुलांना शिकवतेसुद्धा. पण त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण त्या दिवशी मी पेटी दुरुस्त करत नव्हते, लेकीचा सूर सांभाळत होते. सगळी पेटी त्या उतरलेल्या एका सुराशी जुळली. आपापसात चोख. जगाशी मात्र जवळजवळ अर्ध्या पट्टीचं वाकडं.

आणि गंमत बघा, कोणाच्या लक्षात आलं नाही. क्लासमधली पोरं त्याच पेटीवर शिकली, त्याच पेटीबरोबर गायली. कधी बाहेर स्पर्धेला गेली की येऊन सांगायची, "बाई, तिथली पेटी चढी होती." मी म्हणायचे, "अगो, लोकांच्या पेट्या अशाच असतात. धड लावून घेत नाहीत." एका दिवाळीला लेक आली होती, तिनं दोन ओळी गायल्या आणि म्हणाली, "आई, पेटी जरा जड वाटते गं." मी तिला झाडलं. "पेटी पुरातून आली आहे, तू एसी लोकलमधून. जड कोण झालं ते बघ." ती हसली आणि विषय संपला.

आता गाण्याकडे येते.

गेल्या मार्चमध्ये लेकीनं मला फोनवर एक आवाज पाठवला. ती आणि तिचे दोन मित्र मिळून गाणी करतात, हे मला माहीत होतं. पॉप का काय म्हणतात ती. हे पहिलंच गाणं ते लोकांसमोर आणणार होते. फाट्यावर गाडीची वाट बघणाऱ्या एका मुलीचं गाणं, शब्द आणि चाल दोन्ही लेकीचं. खाली तिनं लिहिलं होतं: "लय शहाण्णव, पट्टी काळी चार. अजून वाजवलेलं काहीच घातलेलं नाही, नुसता माझा आवाज आहे. मुद्दाम तसा पाठवतेय. आई, खरं सांग."

आता खरं सांग म्हटल्यावर मी काय करणार? पेटी काढली. फोन पेटीवर उभा केला, काळी चार दाबली आणि लेकीचा आवाज सुरू केला.

जुळेना. आवाज काळी चारच्या वर. बरं, त्याच्या वरच्या पट्टीवर, पांढरी सहावर, बसवून बघितला, तर तिच्या खाली. ना इकडे ना तिकडे, मधल्या मधे लोंबकळतोय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी चार वेळा ऐकलं. चारही वेळा मला राग येत गेला, कारण गाणं चांगलं होतं. फाट्यावरचा तो दगडी कठडा त्यात होता, माझ्या पर्समधल्या शेंगदाण्याच्या पुड्या होत्या. एवढं चांगलं गाणं आणि पोरगी चढी गातेय! मी तिला फोन लावला.

"तू सुरात नाहीस," मी म्हटलं. "पूर्ण गाणंभर चढलेली आहेस."

"नाही गं आई," ती म्हणाली. "मशीनवर बघितलंय मी. सूर बरोबर आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं. तुझ्या मशीनला तंबोऱ्याची तार तरी माहीत आहे का? मी पेटीवर लावून बघितलंय. चार वेळा."

तिनं विचारलं, "मग मी मशीनवर विश्वास ठेवू की तुझ्यावर?"

"माझ्यावर," मी म्हटलं. आणि तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "मुंबईच्या गोंगाटात तुझा कान गेला."

गाणाऱ्या माणसाला हे वाक्य म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. माझ्या गुरूंनी मला असं म्हटलं असतं तर मी पेटी माळ्यावर टाकली असती. लेक नुसतं "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी बोलायची, पण कसं? जेवलीस का, जेवले. पाऊस आहे का, नाही. वडिलांशी मात्र व्यवस्थित बोलायची. एका संध्याकाळी ह्यांनी चहाचा कप खाली ठेवत मला सांगितलं, "ती गाणं दुसऱ्या मुलीला देतेय. म्हणते, गाणं चांगलं आहे, आवाज दुसऱ्याचा असू दे. येत्या रविवारी सकाळी ती मुलगी गायला येणार आहे."

"का?" मी विचारलं. मूर्खासारखा प्रश्न.

"तू म्हणालीस ना, तिचा कान गेला म्हणून." ह्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला भांडायलाही जागा उरली नाही. "आईचा कान चुकत नाही, असं म्हणाली."

मी त्या रात्री नीट झोपले नाही. पण चूक माझी असेल, हे तरीही मनात आलं नाही, हे कबूल करते. मला वाटत होतं, मी बोलले ते कडू होतं, पण खरं होतं. पोरीनं मनावर घ्यायला नको होतं, रियाज करायला हवा होता. असली मी.

तो शनिवार ह्यांच्या पुतण्याच्या हळदीचा होता, कापडे गावी. ह्यांना एसटीखेरीज दुसरं वाहन वाहन वाटत नाही, म्हणून पेटी मांडीवर घेऊन आम्ही महाडहून पोलादपूर आणि तिथून गाडी बदलून कापडे गाठलं. गावातल्या बायकांबरोबर हळदीची गाणी म्हणायची, पेटी मी वाजवायची, असं ठरलेलं होतं. मुंबईहून लग्नाला आलेल्या दुसऱ्या एका पुतण्यानं कीबोर्ड आणला होता. चांगला तिशीचा बाप्या, दोन मुलांचा बाप, मुंबईत बेंजो पार्टीत वाजवतो. म्हणाला, "काकी, तुमी लीड घ्या, मी पाठी हाय. पट्टी कुठली?"

"काळी चार," मी म्हटलं.

मांडवात दुपारचं ऊन झिरपत होतं, नवऱ्या मुलाला हळद लावायला बायका जमलेल्या. आम्ही दोघांनी एकदम सुरू केलं, आणि काय सांगू! पंगतीत ताक म्हणून चुना वाढावा, तसं झालं. बायका गायच्या थांबल्या. एक तर हसायलाच लागली. मी कीबोर्डवाल्यावर ओरडले, "अरे, पट्टी बदलायचं बटण दाबून ठेवलंयस! बघ जरा!"

तो कीबोर्डचा पडदा माझ्याकडे वळवत म्हणाला, "झीरोवर हाय काकी. बघा तुमीच."

"मग कीबोर्ड चढलाय तुझा."

"कीबोर्ड चढत नाय काकी. मशीन हाय ते."

मशीन हा शब्द माझ्या डोक्यात गेला. मी म्हटलं, "नाचता येईना..." आणि तेवढ्यात भजनी मंडळातले एक म्हातारे बोवा मागून म्हणाले, "भांडताव कशाला? देवळातली पेटी आणा रे." दोघं गेले आणि देवळातली पेटी घेऊन आले. गावच्या मुंबईकरांनी दोन वर्षांपूर्वी पाठवलेली, नवी कोरी. बोवांनी खाली बसून काळी चार दाबली. पुतण्यानं कीबोर्डवर काळी चार दाबली. दोन्ही आवाज एक झाले.

मग बोवांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पेटीवर काळी चार दाबली. अख्ख्या मांडवाला कळलं.

"बाय, तुझी पेटी उतारलीय गो," बोवा हळूच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तापलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावून बघावं तसं बोलले ते. कोणीतरी म्हणालं, असू दे, देवळातलीच वाजवा. मी वाजवली. गाणी झाली. हळद लागली. मला माझ्याही गालाला कोणी हळद फासली ते कळलं नाही. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते माझं होतं.

बायका चहाला उठल्या तशी मी देवळातली पेटी उचलायला लावली, माझीही घेतली, आणि देवळाच्या सभामंडपात जाऊन बसले. हे मागोमाग आले. मी फोन देवळातल्या पेटीवर उभा केला, काळी चार दाबली आणि लेकीचा आवाज सुरू केला.

बसला. पहिल्या अक्षरापासून बसला. मी काळी चार सोडलीच नाही, एका हातानं भाता मारत राहिले, आणि माझी पोरगी आमच्या त्या नाते फाट्यावर उभी राहून गात होती, केसाएवढंसुद्धा इकडेतिकडे न होता. मधे साथीचं काही नाही, टेकायला काही नाही, नुसत्या गळ्यावर. एवढा शुद्ध सूर मला स्वतःला कधी जमला नाही. आणि त्या पोरीला मी काय म्हटलं होतं! मी देवासमोर मोठ्यानं रडले. गाभाऱ्यात दिवा लावायला आलेली बाई घाबरून परत गेली.

हे शेजारी बसले. म्हणाले, "मी एकदा दोन महिने ड्रायव्हर लोकांना झापत होतो, गाडी उशिरा काढता म्हणून. मग कळलं, माझं मनगटावरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं."

"मग काय केलंत?"

"एकेकाला गाठून सांगितलं, घड्याळ माझं चुकलं होतं. लोक काही म्हणाले नाहीत. पण सांगावं लागलं, एकेकाला."

चाळीस वर्षांत ह्यांनी मला ही गोष्ट सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी ती दुसरी मुलगी येणार. मी फोन बघितला, तर देवळाजवळ रेंज नाही. कापड्याला रेंज वर पाण्याच्या टाकीपाशी येते. पण फोनवर बोलून मी काय सांगणार होते? माझं चुकलं, हे दोन शब्द माझ्या तोंडून सरळ निघत नाहीत, मधे कुठेतरी भांडण होतं. मग मला फाटा आठवला.

मी फोनवर आवाज भरायला सुरुवात केली. आधी माझ्या पेटीवर काळी चार, बराच वेळ. मग म्हटलं, "सांग, कुठली?" मग देवळातल्या पेटीवर काळी चार. "आणि ही कुठली?" बस्, एवढंच. मग ह्यांचा हात धरून, हळदीच्या पातळाचा काष्ट्यासारखा बोंगा करून, मी ती चढण चढले. टाकीपाशी निरोप सुटेना. तो गोल गोल फिरतोय, फिरतोय. मी फोन डोक्यावर धरून उभी. खाली मांडवात माझी जाऊ मला हाका मारतेय. शेवटी गेला.

दहा मिनिटांनी फोन वाजला.

"दुसरी काळी चार," लेक म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही. शाळेतल्यासारखं. "पहिली कुठलीच नाही. काळी चारच्या जरा खाली आहे, पांढरी पाचच्या वर." मग तिचा आवाज बदलला. "आई, पहिली आपली पेटी ना?"

"कशावरनं?"

"तो भाता श्वास घेतो ना, आपलाच आहे तो."

"पुरापासून उतरलेली आहे," मी म्हटलं. "तुझा आवाज दुसरीवर बसतो. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. तुझा कान गेला नव्हता गो. माझा गेला होता. माझं चुकलं." निघाले शब्द. जरा घासूनच निघाले, पण निघाले.

ती म्हणाली, "तीन आठवडे झाले आई. मी भांडी घासताना पण गुणगुणत नाही. चुकेल म्हणून." आणि रडायला लागली. मी टाकीच्या भिंतीला टेकले. माझ्या पोरीचा आवाज मी बंद केला होता. पूर येऊनही पेटीतल्या काळी चारचं जे झालं नाही, ते मी एका वाक्यानं केलं होतं.

"त्या मुलीला येऊ नको सांग उद्या," मी म्हटलं.

"सांगते. पण मला जमेल असं वाटत नाही आता. तोंड उघडलं की मी मशीनच्या काट्याकडे बघते."

मी म्हटलं, "घरी ये. काही करू नको, नुसती ये."

पुढच्या शुक्रवारी ती आली. खांद्यावर बॅग, बॅगेत लॅपटॉप आणि माइक. दोन दिवस तिनं काही काढलं नाही. सोलकढी प्यायली, वडिलांबरोबर चवदार तळ्यापर्यंत फिरून आली, दुपारी झोपली. मी दुरुस्तीवाल्याला सोमवारी बोलावलं होतं, पेटी नीट लावून घ्यायला. पोरांचं आणखी नुकसान नको. त्याला मी आधीच सांगून टाकलं होतं की तुमचं बरोबर होतं, आणि तो नुसता म्हणाला, "होतं बाई असं." रविवारी सकाळी लेकीनं विचारलं, "उद्या लावणार का पेटी? मग आजच घेऊ या."

"काय?"

"गाणं. याच पेटीवर. तू वाजव."

"अगं, ही उतरलेली आहे!"

"मग मी पण उतरते," ती म्हणाली. "लहानपणापासून मी तुझ्या पेटीबरोबर गाते. मशीनबरोबर नाही."

मग आमच्या घराचा स्टुडिओ झाला. खिडक्यांना गोधड्या. पंखा बंद, फ्रिज बंद. ह्यांना फाटकाशी उभं केलं, कोणी रिक्षावाला हॉर्न वाजवेल म्हणून. कंट्रोलरचं काम त्यांना आयतंच मिळालं. लेकीनं कानात टिकटिक लावून दिली, शहाण्णवची. मी पाच मिनिटांत काढून टाकली. म्हटलं, मला घड्याळाबरोबर वाजवता येत नाही, मी तुझ्याकडे बघून वाजवीन. तिनं लॅपटॉप भिंतीकडे वळवला. वळवण्याआधी मी चोरून बघितलं, काटा सारखा डावीकडे पडत होता. मशीनच्या मते आम्ही दोघी बेसूर होतो.

पहिल्या खेपेला ती दुसऱ्या ओळीत थांबली. दुसऱ्या खेपेलाही. माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं, मी दात आवळले आणि भाता मारत राहिले. नुसती काळी चार, तिची. तिसऱ्या खेपेला तिनं डोळे मिटले, फाट्यावर मिटायची तसे, आणि शेवटपर्यंत गेली. घामानं दोघी निथळत होतो. शेवटचा सूर संपल्यावर मी म्हटलं, "तू सात वर्षांची असतानाच माझ्यापेक्षा चांगली ओळखायचीस पट्टी. मी सांगितलं नाही कधी."

"मला माहीत होतं," लेक म्हणाली. "तू पेटीवर तपासलंस की गप्प बसायचीस."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्यानं तो हिरवा सूर घासून लख्ख केला आणि सगळी पेटी मशीनवर लावून दिली. आता आमची पेटी जगाबरोबर आहे. क्लासमधली पोरं आठ दिवस कुरकुरली, मग सरावली.

जूनमध्ये गाणं आलं, लेकीच्या आवाजात. मी वाजवलेली पेटी त्यात तशीच ठेवली आहे, बाकीची वाद्यं तिच्या मित्रांनी पेटीशी जुळवून घेतली. ते आकड्यांचं पान तेव्हाच बघितलं. तिथे काळी चार लिहिलंय, कारण जरा खाली असं लिहायला त्यांच्याकडे जागा नसणार. शहाण्णव लिहिलंय, तेही खोटं. मधल्या कडव्यात ती भरून आली तिथे मी हळू झाले होते.

परवा दुपारी घरी कोणी नव्हतं. मी फोन पेटीवर उभा केला, गाणं सुरू केलं आणि जुन्या सवयीनं काळी चार दाबली. जुळेना. लेकीचा आवाज काळी चारच्या जरा खाली. मी पट्टीवरचं बोट काढलं, भात्याची कडी लावली, पेटीवर झाकण टाकलं आणि ती गातेय ते ऐकत बसले.